सोबत हसलं की माणूस विश्वास टाकतो का? शॉपफ्लोअरवरचा एक अनुभव आणि एक प्रश्न

बुटीबोरी_शिफ्ट | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात मी जूनपासून शिफ्ट इन्चार्ज आहे. शिफ्टला चौदा माणसं. पहिले दोन महिने कामापलीकडे माझ्याशी कोणी बोललं नाही. ‘हो साहेब’, ‘पाहतो साहेब’, एवढंच. मी चहाच्या टपरीवर पोचलो की चालू असलेलं बोलणं थांबायचं आणि सगळे आपापल्या ग्लासात बघायचे.

मागच्या बुधवारी सेकंड शिफ्ट होती. रात्री साडेआठच्या सुमारास लाईन गेली. आठही मशीन एकदम बंद पडल्या. ज्यांनी असं शेड पाहिलं आहे त्यांना कळेल, हायड्रॉलिक पंपांचा आवाज दिवसभर कानात बसलेला असतो, तो थांबला की कानच बंद झाल्यासारखे वाटतात. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. पाऊस नुकताच थांबला होता, पन्हाळीतून पाणी गळत होतं तेवढा आवाज. कोणी जागचं हललं नाही. मोबाईल माझ्या खिशातच होता. पाच-दहा सेकंद गेले आणि कुठून तरी आमच्या फिटर काकांचा शांत, गंभीर आवाज आला, ‘साहेब, लाईन गेली वाटते.’

दोन नंबरच्या मशीनजवळ कोणीतरी आधी दाबून हसलं. मग ते फुटलंच. पुढची दोन-तीन मिनिटं, जनरेटर सुरू होईस्तोवर, आम्ही पंधराही जण हसत होतो. जरा थांबलं की कोपऱ्यातून कोणीतरी नुसतं ‘वाटते’ म्हणायचं की पुन्हा सुरू. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी काका स्वतःहून आले. ‘साहेब, चार नंबरवर या जरा.’ मशीनच्या पुढच्या दारामागे हात घालून दाखवलं. दाराचा लिमिट स्विच तांब्याच्या तारेने दाबून बांधलेला. म्हणजे दार उघडं असलं तरी मशीनला ते बंद वाटणार आणि ऑपरेटरचा हात आत असताना मोल्ड बंद होऊ शकणार. दर नगामागे दोन सेकंद वाचावेत म्हणून कोणीतरी माझ्या आधी कधीतरी हे करून ठेवलेलं. शिफ्टमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला दोन महिने कोणी सांगितलं नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच विचार चालू आहे. काकांनी मला सांगितलं ते त्या हसण्यामुळे का? की ते सांगणारच होते आणि हसणं हा योगायोग? तुमच्याकडे, घरी किंवा कामावर, असं काही झालं आहे का? सविस्तर लिहा, मला खरंच समजून घ्यायचं आहे.

---

तर्री_मारके | सोमवार, रात्री १०:३१

‘लाईन गेली वाटते’ 😂😂 भाऊ, घरच्यांना वाचून दाखवलं, पाच मिनिटं झाली, थांबून नाही राहिले. काकांना माझ्याकडून एक प्लेट पोहे, वरून चना तर्री.

---

पुणेरी_पाहुणा | सोमवार, रात्री १०:४४

प्रसंग छान लिहिलाय. पण खरं सांगू का, त्या वाक्यात विनोद कुठे आहे ते मला कळलं नाही. लाईट गेले, ते ‘गेले’ म्हणाले.

---

तर्री_मारके | सोमवार, रात्री १०:४६

@पुणेरी_पाहुणा, तिथं पायजे होते तुम्ही. मंग समजलं असतं.

---

सेफ्टी_हेल्मेट | सोमवार, रात्री ११:०५

हसण्यावर नंतर येतो. आधी सांगा, तो स्विच काढून नवा लावला का? नसेल तर मशीन आत्ता बंद ठेवा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम २१ खास यंत्रांच्या संरक्षक कठड्यांसाठी आहे. दार उघडं असताना मोल्ड हलताच कामा नये. कितीही टन उत्पादन अडलं तरी चालेल.

दुसरं, तार कोणी बांधली याची चौकशी लावू नका. एकाला मेमो दिलात की पुढची तार कुठे बांधली आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही. सतरा वर्षं हेच काम करतोय. अपघात झाल्यावर खाली गेलो की दर वेळी एकच ऐकायला मिळतं, ‘माहीत होतं हो, पण सांगणार कोणाला?’ तुमच्या काकांना सांगायला माणूस मिळाला. हे फार मोठं आहे.

---

बुटीबोरी_शिफ्ट | सोमवार, रात्री ११:१२

@सेफ्टी_हेल्मेट, त्याच तासाला मशीन थांबवली, स्विच बदलला, मगच सुरू केली. बाकी सातही काकांसोबत फिरून तपासल्या. चौकशी लावलेली नाही.

---

सिस्टर_मंदा | मंगळवार, सकाळी ६:५०

नाईट संपवून घरी आले आणि हा धागा वाचला. वॉर्डात बावीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी हाडांच्या विभागात.

लहान मुलांचं प्लॅस्टर कापायचं म्हटलं की सगळा मजला ऐकतो. त्या करवतीचा आवाज भयंकर असतो. पण तिचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं, म्हणून कडक प्लॅस्टर कापलं जातं आणि खालची कातडी वाचते. हे पाच वर्षांच्या पोराला समजावणार कसं? आमच्या सिनिअर सिस्टर करवत चालू करून आधी स्वतःच्या तळहाताला लावायच्या. पातं हाताला टेकलं की आवाज बदलतो, भुंग्यासारखा होतो. त्या आवाजात आवाज मिसळून त्या गाणं म्हणायच्या. मग हात पुढे करून म्हणायच्या, ‘पहा बरं, निघालं का रक्त?’

आता माझं निरीक्षण ऐका. मूल आधी हसत नाही. आधी आई हसते. रात्रभर जागलेली, घाबरलेली आई एकदाची हसली की मूल तिच्या तोंडाकडे पाहतं आणि मग हसतं. आणि मग आपणहून हात पुढे करतं! मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे. म्हणून आता मी पोराला हसवायच्या भानगडीत पडतच नाही. आईशी बोलते.

धागाकर्त्या दादांना एकच विचारते. तुमच्या शेडमध्ये पहिला कोण हसला ते मला वाटतं महत्त्वाचं नाही. तुम्ही हसलात हे लोकांनी ऐकलं का, ते महत्त्वाचं आहे.

---

मानस_वर्ग | मंगळवार, सकाळी ११:२०

मी मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे राहवत नाही.

@पुणेरी_पाहुणा, तुमची शंका अगदी बरोबर आहे आणि तिच्यावर काम झालेलं आहे. रॉबर्ट प्रोव्हाईन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने मॉलमध्ये, रस्त्यावर, कॉलेजच्या आवारात लोक नैसर्गिकपणे हसतात ते कान देऊन ऐकलं आणि असे १२०० प्रसंग टिपले. त्यांतले २० टक्केसुद्धा विनोद म्हणावा अशा वाक्यानंतरचे नव्हते. ‘चला, येतो मग’, ‘तो बघा आला’ असल्या साध्या बोलण्यावर लोक हसत होते. आणि माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो. म्हणजे हसणं ही विनोदाला दिलेली पावती नाहीच. ते एकमेकांना सांगणं आहे, ‘मी इथे तुमच्यातला आहे.’ म्हणून काकांचं वाक्य कागदावर उतरवलं की त्यात काही सापडत नाही.

सिस्टर मंदांच्या अनुभवाला धरून आणखी एक. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की सोबत खळखळून हसल्यावर माणसं वेदना जास्त सहन करू शकतात. बाटली गार ठेवायचं बर्फाळ वेष्टन हातावर गुंडाळून किती वेळ सोसवतं ते मोजलं होतं. शरीरातच तयार होणारी अफूसारखी द्रव्यं, एंडॉर्फिन, यामागे असावीत असा त्यांचा तर्क होता. २०१७ मध्ये फिनलंडच्या तुर्कू शहरातल्या संशोधकांनी मित्रांना एकत्र हसवून मेंदूचे स्कॅन काढले तेव्हा ही द्रव्यं खरोखर सुटताना दिसली. माकडं तासन्‌तास एकमेकांच्या उवा काढतात तेव्हाही हेच होतं, असं डनबार म्हणतात. फरक एवढाच की उवा एका वेळी एकाच्याच काढता येतात आणि हसता मात्र चौघांना एकदम येतं.

आता मूळ प्रश्न. २०१५ मध्ये ११२ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. अनोळखी चौघाचौघांचे गट केले, दहा मिनिटं व्हिडिओ दाखवला. काहींना विनोदी, काहींना गोल्फ शिकवण्याचा, काहींना निसर्गाचा. आपसात बोलायचं नाही. नंतर गटातल्या दुसऱ्या माणसासाठी स्वतःबद्दल काहीतरी लिहायचं. जे सोबत हसले होते त्यांनी अधिक खाजगी गोष्टी लिहिल्या. आणि आपण जास्त उघडं बोललो आहोत याची त्यांना स्वतःला जाणीवच नव्हती! मला यातला हा शेवटचा भाग फार मोलाचा वाटतो.

पण उघडं बोलणं म्हणजे विश्वास नव्हे. प्रयोग दहा मिनिटांचा होता, तुमचे काका तुम्हाला दोन महिने पाहत होते.

---

कळमना_अडत | मंगळवार, दुपारी १:०५

सगळ्यांचं वाचलं. आता माझं थोडं वेगळं ऐका राजेहो.

मी कळमन्याला संत्र्याचा धंदा करतो. काटोल, नरखेड, वरूडकडचे बागायतदार येतात. मार्केटात हसवणाऱ्याची कमी नाही. गाडी लागली की ‘या काका, बसा, चहा घ्या, काय म्हणते तुमचं जावई’ इथून सुरू करतात आणि शेतकऱ्याले असं हसवतात का त्याचं लिलावाकडं ध्यानच राहत नाही. माझ्या बाबाने मले पहिल्याच सीझनले सांगतलं होतं, जो अडत्या लय हसवते त्याच्या काट्याकडं पाय.

आमच्याकडं विश्वास म्हणजे हिशोबपट्टी. माल किती, भाव किती, हमाली-तोलाई किती कापली, हातात किती पडले. ते बरोबर असन तर शेतकरी पुढच्या बहाराले परत येते. मी कोणाले एक जोक सांगत नाही. काही बागायतदारांची तिसरी पिढी माझ्याकडं माल टाकते.

तर हसण्यानं विश्वास बसते हे मी मानत नाही. बसलेल्या विश्वासातून हसू येते. उलटं नाही.

---

धरमपेठ_जुना | मंगळवार, दुपारी १:३०

@कळमना_अडत +१. मीठमसाला आणि भाजी यातला फरक आहे.

---

सावली | मंगळवार, दुपारी ३:४८

माझा अनुभव कडू आहे, पण लिहिते.

शिक्षण नागपूरला, पहिली नोकरी पुण्यात. पहिल्या आठवड्यातल्या मीटिंगमध्ये मी म्हणाले, ‘मी ते टेस्ट करून राहिले.’ एक जण माझ्याच सुरात म्हणाला, ‘करून राहिली का? राहा, राहा.’ सगळे हसले. टीम लीडही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते रोजचं झालं. मी जेवायला उठले की ‘जाऊन राहिली का?’ मीही हसायचे, कारण नाही हसलं तर ‘हिला काही झेपत नाही’ असं होतं.

ते पाच-सहा जण एकमेकांच्या अगदी जवळ आले असतील यात शंका नाही. मानस_वर्ग सरांनी सांगितलेली सगळी द्रव्यं त्यांच्या डोक्यात सुटली असतील. त्यांचा आपसातला विश्वास माझ्या अंगावर उभा राहिला. मी मात्र मीटिंगमध्ये बोलणं सोडलं. एका रिलीजमध्ये मोठी चूक मला आधी दिसली होती. मी गप्प राहिले. हे लिहिताना आजही घशात दाटून येतं.

टीममध्ये एक कोल्हापूरची मुलगी होती, ती कधी हसली नाही. महिन्याभराने कँटीनमध्ये तिने विचारलं, ‘तुमच्याकडं करून राहिले म्हणजे आत्ता चालू हाय, असंच ना? आमच्याकडं करालोय म्हणतात.’ मग आम्ही दोघींनी अर्धा तास क्रियापदांचा बाजार मांडला. तू काय करालीस, मी काय करून राहिले. आम्ही इतक्या हसलो की बाजूचे बघायला लागले. त्याच आठवड्यात मी तिला त्या चुकीबद्दल सांगितलं आणि आम्ही दोघी मिळून लीडकडे गेलो.

शब्द तेच, हसणंही त्यांच्यावरच. पण एकदा माझं तोंड बंद झालं आणि एकदा उघडलं.

---

सिस्टर_मंदा | मंगळवार, दुपारी ४:१५

सावली बाळा, वाचून पोटात तुटलं. करून राहिले हेच आमचं खरं मराठी, तू बिनधास्त बोल.

---

पुणेरी_पाहुणा | मंगळवार, दुपारी ४:३०

सावली, पुण्याचा म्हणून मी तुमची माफी मागतो. तुमच्या टीम लीडने तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं.

---

तर्री_मारके | मंगळवार, दुपारी ४:४१

पाहुणे, आता तुम्ही आमचेच. नागपूरला या, स्टेशनवर घ्यायला येतो. पोहे आधी, बाकी सगळं नंतर.

---

मानस_वर्ग | मंगळवार, संध्याकाळी ५:१०

@सावली, तुमच्या लिहिण्याने धाग्याचा प्रश्नच नीट झाला. ‘हसण्याने विश्वास बसतो का’ असं विचारून भागणार नाही, हसणाऱ्यांच्या घोळक्यात कोण आत आहे आणि कोण बाहेर, हेही विचारायला हवं. घोळक्याबाहेरच्याला हे बरोबर कळतं. २०१६ मधल्या एका अभ्यासात २४ वेगवेगळ्या समाजांतल्या ९६६ लोकांना दोन माणसं सोबत हसल्याचा जेमतेम एक सेकंदाचा आवाज ऐकवला आणि विचारलं, हे मित्र की अनोळखी? भाषा कळत नसतानाही सुमारे ६१ टक्के उत्तरं बरोबर आली. एका सेकंदात! तुम्ही तर महिनाभर ऐकत होतात.

---

अंबाझरी_सकाळ | मंगळवार, रात्री ८:२०

आमचा हास्य क्लब आहे, त्याचं इथे कोणी नाव काढलं नाही म्हणून लिहितो. वय ७१.

हास्य क्लबांची सुरुवात मुंबईच्या डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये एका बागेत पाच जणांना घेऊन केली. सुरुवातीला ते रोज विनोद सांगत. दोन आठवड्यांत चांगले विनोद संपले, मग टोचणारे, कोणावर तरी घसरणारे विनोद यायला लागले आणि लोक नाराज झाले. तेव्हा त्यांनी विनोदच काढून टाकले. नुसतं हसायचं, व्यायाम म्हणून. सावलीताईंचं वाचल्यावर मला हे आठवलं. त्यांच्या ऑफिसचं जे झालं तेच त्या बागेत पंधरा दिवसांत झालं होतं, फक्त तिथे थांबवणारा माणूस होता.

पत्नी गेल्यावर मुलाने मला जबरदस्तीने क्लबात नेलं. पहिले आठ-दहा दिवस हात वर करून हा हा करताना काही म्हणजे काही वाटत नव्हतं. मग एक दिवस समोरच्या गृहस्थांची आणि माझी नजर भिडली आणि आम्हाला दोघांनाही खरं हसू आलं. का ते आजही सांगता येणार नाही. त्यांचं पूर्ण नाव मला तोवर ठाऊक नव्हतं.

आज माझ्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. मागच्या हिवाळ्यात मी बाथरूममध्ये घसरलो. सकाळी बागेत आलो नाही म्हणून सात वाजता ते दार उघडून आत आले होते.

---

वडाभात | मंगळवार, रात्री ९:५५

अंबाझरी काका, काळजी घ्या. बाथरूमला धरायला दांडी लावून घ्या बरं.

माझं सासूबाईंचं लिहिते. लग्नाला तीन वर्षं झाली होती, भांडण कधीच नाही, पण मोकळेपणाही नाही. मी काही विचारलं की कधी उत्तर द्यायच्या, कधी सरळ निघून जायच्या. मला वाटायचं, मी त्यांना पसंतच नाही. आईला फोन करून रडले आहे मी.

मे महिन्यात आम्ही कुरड्या घातल्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढलेला. पहाटे चारला उठून तो शिजवला. चीक शिजत आला की काचेसारखा होतो आणि लाटण्याने ढवळायला दोघी लागतात, एकीने पातेलं धरायचं, दुसरीने घोटायचं. गच्चीवर साडी अंथरून कुरड्या घालायला बसलो. ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून घाई. सासूबाईंच्या हातात पितळी सोऱ्या. तो अडकला. त्यांनी जोर लावला, आणखी जोर लावला आणि खालची चकती सुटून सगळा चीक एकदम भदकन साडीवर पडला. एवढा मोठा पांढरा गोळा. त्याच्याकडे बघून सासूबाई म्हणाल्या, ‘ही झाली आपली एकच कुरडई.’

आम्ही दोघी गच्चीवर बसून पोट धरून हसलो. खालून सासरे विचारायला वर आले, त्यांना सांगताही येईना.

हसून झाल्यावर पदराने डोळे पुसता पुसता त्या म्हणाल्या, ‘तुला एक सांगू? मले डाव्या कानानं ऐकू येत नाई. दोन वर्ष झाले. घरात कोणाले सांगतलं नाई, उगाच म्हातारी झाली म्हणतील.’

त्या दोन वर्षांत मी कितीदा त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून बोलले असेन! त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

आता त्यांना मशीन लावलंय. कळमना_अडत दादा, तुमचं म्हणणं मला पटतं, पण आमच्याकडे विश्वास आधी नव्हता. होता तो निव्वळ गैरसमज. हसू आधी आलं.

---

धरमपेठ_जुना | मंगळवार, रात्री १०:०८

कुरडईची ही गोष्ट वाचून माझं आधीचं ‘+१’ अर्धं मागे घेतो.

---

इतवारी_गल्ली | मंगळवार, रात्री १०:३५

थोडं अवांतर. तीन दिवसांपूर्वीच मारबत झाली. बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे असतात, वर्षभरात ज्यानं ज्यानं लोकांना छळलं त्याचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, पुढारी, खड्डे, कोणी सुटत नाही. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत सगळी जुनी वस्ती रस्त्यावर.

एक बडगा वळणावर आला की हजार माणसं एकदम हसतात. त्या गर्दीत माझ्या चार वर्षांच्या पोरीला काही दिसत नव्हतं. बाजूच्या उंच माणसानं न विचारता तिला खांद्यावर घेतलं. कोण, कुठला, माहीत नाही. मला त्या वेळी भीती वाटली नाही, आणि मी एरवी पोरीला कोणाच्या हाती देत नाही. रस्ता रिकामा असता आणि तोच माणूस असता तर दिली असती का? नसती.

---

व्यवस्थापक | मंगळवार, रात्री १०:५०

मारबतीवर स्वतंत्र धागा आहे, फोटो तिकडे टाकावेत. इथे मूळ प्रश्नाला धरून लिहावं ही विनंती.

---

कळमना_अडत | बुधवार, सकाळी ७:१५

@वडाभात ताई, रात्रभर तुमचं डोक्यात होतं. एक गोष्ट मान्य करतो. माझा सर्वांत जुना बागायतदार, नरखेडकडचा. ज्या वर्षी गारपिटीनं त्याचा सगळा आंबिया बहार झोडपला, तो गाडी घेऊन आला, अर्धी संत्री डागी. भाव काय भेटणार. आम्ही दोघं क्रेटवर बसलो होतो. त्याने एक डागी संत्रं उचललं, सोललं, अर्धं मले दिलं आणि म्हणाला, ‘चव पाय, गाराची हाय.’ आणि आम्ही दोघं हसत सुटलो. त्या दिवशी त्याले हिशोबपट्टीत मी काही जास्त दिलं नाही, देताच येत नव्हतं. पण जाताना त्याने पहिल्यांदा मले विचारलं का पोराले शिकवायले नागपुरात ठेवू का. तोवर आमचा फक्त हिशोब होता.

त्याचा पोरगा चार वर्ष आमच्या घरी राहिला.

---

सेफ्टी_हेल्मेट | बुधवार, सकाळी ९:४०

@बुटीबोरी_शिफ्ट, एक राहून गेलं. तुम्ही लिहिलं आहे की मोबाईल खिशात होता. मग टॉर्च का लावला नाही? अंधारात गरम बॅरलजवळ माणसं उभी असताना पहिलं काम उजेड. त्या शेडला बॅटरीवरचे इमर्जन्सी दिवे बसवून घ्या, हे माझं ठाम मत. हसणं-बिसणं सगळं मान्य.

---

बुटीबोरी_शिफ्ट | बुधवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री हा धागा पुन्हा पुन्हा वाचतोय. सावलीताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी आज शिफ्टमध्ये कोण कोणाला काय म्हणून हसतं याकडे नीट लक्ष दिलं. मोल्ड पुसणाऱ्या एका नव्या मुलाला सगळे एका नावाने हाक मारतात आणि तो हसतो. उद्या मी त्याच्याशी बोलणार आहे.

@सेफ्टी_हेल्मेट, इमर्जन्सी दिव्यांची मागणी आजच टाकली. टॉर्चचं विचारलंत, तर तो प्रश्न मी तुमचं वाचल्यावर स्वतःलाच विचारला. मला तेव्हा सुचलंच नाही, मी हसत होतो.

आज चहाच्या टपरीवर काकांना सरळ विचारलं, ‘काका, त्या दिवशी तुम्ही मला चार नंबर का दाखवला?’ ते ग्लास धुऊन ठेवत होते, लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘साहेब, तुमच्या आधीच्या साहेबांच्या टायमाले बी एकडाव लाईन गेलती. असेच सगळे हसले होते. त्यायनं टॉर्च लावला आणि एकेकाच्या तोंडावर मारला, कोन हसून राहिलं म्हनून. तुमच्या खिशात मोबाईल व्हता, मी पायलं होतं. तुम्ही कोनाचं तोंड पायलं नाई.’

एवढं बोलून ते आत गेले.

---

सिस्टर_मंदा | बुधवार, रात्री १०:३३

काकांना माझा नमस्कार सांगा.

---

सावली | बुधवार, रात्री १०:४१

तीनदा वाचलं. त्या मुलाशी बोलून झालं की इथे नक्की लिहा, मी वाट बघून राहिले.

---

कळमना_अडत | बुधवार, रात्री १०:५८

आंबिया सुरू झाला का काकाले माझ्याकडून संत्र्याची एक पेटी. चांगल्या मालाची. शिफ्ट किती वाजता सुटते तेवढं मले मेसेज करून ठेवा.